अडवलेले पत्र कळायला हवे

ईमेलचा स्पॅम फिल्टर दोन तऱ्हांनी चुकतो. नको असलेले पत्र तो आत सोडतो, किंवा हवे असलेले पत्र अडवून ठेवतो. पहिली चूक लगेच दिसते. लॉटरीचे किंवा झटपट कर्जाचे पत्र इनबॉक्समध्ये आले, की माणूस वैतागतो, ते पुसून टाकतो आणि विसरतो. दुसऱ्या चुकीला साक्षीदारच नसतो. पाठवणाऱ्याची समजूत असते की पत्र पोचले, ज्याला लिहिले त्याची समजूत असते की कोणी लिहिलेच नाही, आणि आपापल्या जागी दोघेही खरे असतात. तंत्राच्या भाषेत या चुकीला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील एका वाचन मंडळाची ईमेल व्यवस्था मी सांभाळते. स्पॅम रोखण्यापेक्षा किती तरी अधिक वेळ या कामात अडलेली खरी पत्रे शोधण्यात जातो, आणि तो तसाच जायला हवा असे माझे मत आहे.

मंडळाचा व्याप मोठा नाही. वर्षाला एक स्मरणिका, एक कथास्पर्धा, अधूनमधून व्याख्याने. पण लिहिणारी माणसे पेडण्यापासून काणकोणपर्यंत गोवाभर पसरलेली आहेत आणि गोव्याबाहेर तर त्याहून लांब. कोणी कुवेतला नोकरीत आहे, कोणी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्थायिक झाले आहे, कोणी मालवाहू जहाजावर आहे आणि उपग्रहाच्या जोडणीवरून रात्री-अपरात्री लिहिते. यांतल्या पुष्कळांना मंडळाशी बांधून ठेवणारा धागा ईमेलचाच आहे, आणि तो तुटला तर तुटल्याचा आवाजही होत नाही.

हा प्रश्न मला नीट उमगला तो सत्तरी तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या फोनमुळे. त्या म्हणाल्या, "बाय, कथा पाठवून बरेच दिवस झाले. पसंत पडली नसेल तर नसो, पण मिळाली की नाही एवढे तरी कळवा." कथा सर्व्हरवर, म्हणजे मंडळाची पत्रे घेणाऱ्या-पाठवणाऱ्या संगणकावर होती, पण फिल्टरने बाजूला काढलेल्या पत्रांच्या ढिगात. बाईंनी ती वहीत हाताने लिहिली होती, नातवाने पानांचे फोटो काढून ते पाठवले होते. विषयाची ओळ रिकामी होती. मजकुरात एकही शब्द नव्हता. पत्त्याच्या शेवटी आकड्यांची माळ होती, जशी मोफत खाते उघडताना हवे ते नाव न मिळाल्यावर पुष्कळांच्या वाट्याला येते. फिल्टरच्या बाजूने पाहिले तर यातली प्रत्येक गोष्ट संशयास्पद होती. २००६ च्या सुमारास स्पॅम पाठवणाऱ्यांनी आपला मजकूर, बहुधा शेअर खरेदीच्या भूलथापा, चित्रात घालून पाठवण्याचा सपाटा लावला होता, कारण तेव्हाचे फिल्टर अक्षरे वाचत, चित्रे वाचत नसत. नुसत्या चित्रांच्या पत्रावर संशय घेणारे नियम त्या काळात कडक झाले. शेअर बाजारातल्या भामट्यांसाठी केलेल्या नियमात सत्तरीतल्या वहीची पाने सापडली.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी जे केले जाते ते म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे न अडवता आत सोडायच्या पत्त्यांच्या यादीत, टाकून मोकळे होणे. मला तो उपाय घाईचा वाटतो. पत्रावरचा 'प्रेषक' कोणालाही हवा तसा लिहिता येतो, त्यामुळे मोकळा सोडलेला पत्ता उद्या एखादा भामटा वापरू शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या एका बाईंची वाट मोकळी होते आणि वहीची पाने पाठवणाऱ्या बाकी सगळ्यांची बंदच राहते. ज्यांनी फोन केला नाही, त्यांचे काय?

म्हणून आधी हेडर वाचायचा. प्रत्येक ईमेलच्या माथ्यावर, एरवी झाकलेला, प्रवासाचा पूर्ण वृत्तान्त असतो: पत्र कोणत्या सर्व्हरवरून कोणत्या सर्व्हरकडे किती वाजता गेले, पाठवणाऱ्याच्या ओळखीची कोणती तपासणी यशस्वी झाली, कोणती फसली, आणि फिल्टरने काय ठरवले. जीमेलमध्ये तो 'शो ओरिजिनल' या पर्यायाखाली दिसतो. आम्ही स्पॅमअसॅसिन हा मुक्त स्रोत फिल्टर वापरतो. तो पत्राला शेकडो नियम लावून पाहतो, लागू पडलेल्या प्रत्येक नियमाचे गुण जोडतो किंवा वजा करतो, आणि बेरीज ५ किंवा अधिक झाली की पत्र स्पॅम ठरवतो; ही ५ ची मर्यादा त्यात मुळातच ठरवून दिलेली असते. कोणते नियम लागले याची यादी हेडरमध्ये लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा या फिल्टरकडे आहे आणि त्यासाठी मला तो प्रिय आहे. बाईंच्या पत्राची बेरीज ५ च्या किंचित वर गेलेली होती. एकही नियम एकट्याने पत्र अडवण्याइतका जड नव्हता. चूक बेरजेत होती, आणि ती बेरीज कोणत्या प्रकारच्या पत्रव्यवहारासाठी ठरवलेली आहे, हे मंडळाला सर्व्हर उभा करून देणाऱ्याने कधी विचारले नव्हते.

नियम स्वतः चुकल्याची उदाहरणेही आहेत, आणि त्यांतले एक मी प्रत्येक नव्या सांभाळणाऱ्याला सांगते. स्पॅमअसॅसिनमध्ये एक नियम असा होता, की पत्रावरची तारीख फार पुढच्या काळातली असेल तर गुण वाढवावेत, कारण आपले पत्र यादीत सर्वांत वर दिसावे म्हणून स्पॅम पाठवणारे अशी तारीख घालत. 'फार पुढचा काळ' म्हणून त्यात २०१० पासूनची वर्षे लिहिली होती. नियम लिहिला तेव्हा ते बरोबर होते. १ जानेवारी २०१० ला जगभरच्या प्रत्येक नव्या पत्रावर तो लागू पडू लागला आणि त्याचे गुण ३ पेक्षा जास्त होते. दुरुस्ती त्वरेने निघाली. पण ज्यांनी नियमांचे अद्ययावतीकरण बंद ठेवले होते, त्यांच्याकडे नव्या वर्षाच्या शुभेच्छा आणि कामाची पत्रे एकाच ढिगात पडत राहिली.

नियमांच्या जोडीला शिकणारा भाग असतो. प्रत्येक शब्द चांगल्या पत्रांत किती वेळा येतो आणि स्पॅममध्ये किती वेळा, यावरून संपूर्ण पत्राची शक्यता काढायची, ही संभाव्यतेच्या गणितातल्या बेझच्या सूत्रावर आधारलेली पद्धत १९९८ मध्ये संशोधकांनी मांडली आणि ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरच्या एका लेखामुळे सर्वत्र पसरली. त्या लेखातली एक बारीक गोष्ट मला मोलाची वाटते: चांगल्या पत्रांत शब्द जितक्या वेळा आला असेल, तो आकडा ग्रॅहम मुद्दाम दुप्पट करून मोजत. गणिताच्या शुद्धतेला थोडा धक्का देऊन त्यांनी तराजू खऱ्या पत्राच्या बाजूला झुकवला होता, कारण एक खरे पत्र गमावणे हे पुष्कळ स्पॅम आत येण्यापेक्षा वाईट आहे, हे त्यांना दिसत होते. फिल्टर बसवणाऱ्या प्रत्येकाने हा निर्णय कोणत्या तरी स्वरूपात घ्यावाच लागतो, आणि जो तो घेत नाही त्याच्या वतीने कोणी तरी दुसऱ्यानेच तो घेतलेला असतो.

मराठी पत्रव्यवहाराला या शिकण्याचा फायदा सहजी मिळत नाही. स्पॅमअसॅसिनचा बेझ भाग किमान २०० चांगली आणि २०० स्पॅम पत्रे शिकल्यावाचून मत देऊच लागत नाही. आणि आपण काही शिकवले नाही, तर तो अगदी कमी आणि अगदी जास्त गुण मिळालेल्या पत्रांवरून आपोआप शिकतो. मधल्या गुणांची पत्रे, म्हणजे नेमकी जिथे शंका आहे ती, त्याच्या अभ्यासात येतच नाहीत. आमच्याकडे येणारा चांगला पत्रव्यवहार देवनागरीत आणि बँका, दुकाने, जाहिराती यांचा इंग्रजीत. त्यामुळे आपोआप शिकलेल्या फिल्टरला 'चांगले पत्र' म्हणून जे माहीत होते, त्यात मराठी जवळजवळ नव्हतेच. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या आजच्या रूढ पद्धतीत, ३ बाइट घेते आणि पत्र पाठवताना त्या बाइटांना बहुतेक वेळा बेस६४ चा, म्हणजे साध्या रोमन अक्षर-आकड्यांच्या सांकेतिक लिपीचा, पेहराव चढवला जातो. साधा मजकूर बेस६४ मध्ये का लपवला, असा संशय घेणारा नियमही याच फिल्टरात आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याला अशी लपवाछपवी करण्याचे कारण नसते, हे खरे. मराठी लिहिणाऱ्यापुढे मात्र दुसरा मार्गच फारसा नसतो.

उपाय कष्टाचा पण सरळ होता. मंडळाच्या जुन्या पत्रव्यवहारातली खरी मराठी पत्रे काढली, ती प्रत्येक उघडून पाहिली, आणि फिल्टरला 'ही चांगली' म्हणून शिकवली. निमंत्रणे, वर्गणीच्या पावत्या, श्रद्धांजलीच्या ठरावांचे मसुदे, चतुर्थीच्या सुट्टीत कार्यक्रम ठेवू नये म्हणून आलेली विनंतीपत्रे, असे सगळे त्यात होते. आपोआप शिकणे बंद केले. त्यानंतर मराठी पत्रांचे गुण उतरले. मुळात फिल्टर मराठीच्या विरोधात नव्हताच. त्याला मराठी कोणी दाखवलेच नव्हते.

गोव्यात राहणाऱ्याला आणखी एक अडचण येते. पणजीत मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी आहेत. त्यांच्याबद्दल गोव्यात वाद आहे, लेख आहेत, निवेदने आहेत. कार्यक्रमाला कसे यावे हे सांगतानाही कॅसिनोच्या जेटीचा उल्लेख होतो. स्पॅमच्या दुनियेत मात्र कॅसिनो हा शब्द जुगाराच्या जाहिरातींमुळे बदनाम आहे. नदीच्या प्रदूषणाबद्दल एका सदस्याने स्मरणिकेसाठी पाठवलेल्या इंग्रजी टिपणात तो शब्द जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात होता, आणि टिपण अडले. इथे नियम काढून टाकून चालत नाही, कारण जुगाराची खरी स्पॅम पत्रे रोज येतातच. नियमाचे वजन कमी करून निर्णय शिकणाऱ्या भागावर अधिक सोपवावा लागतो; 'मांडवी', 'पणजी', 'नदी' हे शब्द शेजारी असतील तर त्यांचाही भार तराजूत पडतो.

पुढची पायरी ब्लॉकलिस्टची. स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या संगणकांच्या क्रमांकांच्या, या याद्या असतात आणि पत्र आले की सर्व्हर डीएनएसमार्फत, म्हणजे इंटरनेटवरची नावे-पत्ते शोधून देणाऱ्या व्यवस्थेतून, त्यांना विचारतो, हा पत्ता तुमच्या यादीत आहे का. व्यवस्था उपयोगी आहे, पण तिच्यावरचा विश्वास डोळस असावा लागतो. ओआरडीबी नावाची अशी एक यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरी असंख्य सर्व्हर तिला विचारतच राहिले, आणि मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक प्रश्नाला 'होय, यादीत आहे' असे उत्तर देऊ लागली. ज्यांनी ती आपल्या व्यवस्थेतून काढली नव्हती, त्यांची सगळी पत्रे अडली. आमच्याकडेही एकदा सगळीच पत्रे परत जाऊ लागली तेव्हा कारण त्याच जातीचे निघाले. सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारणा केली, तर स्पॅमहाउससारखी यादी उत्तराऐवजी चूक दाखवणारा, १२७ नेच सुरू होणारा एक खास संकेत पाठवते. १२७ पासून सुरू होणारे कोणतेही उत्तर म्हणजे 'यादीत आहे' असे समजणारा सर्व्हर त्या संकेतालाही होकार धरतो. सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर, म्हणजे अशी विचारणा थेट करणारा प्रोग्राम, चालू केला आणि कोणत्या उत्तराचा काय अर्थ हे नेमके लिहिले, तेव्हा पत्रे सुरळीत झाली. देशच्या देश अडवण्याची सोय काही फिल्टर देतात, ती मात्र गोव्यातल्या कोणत्याही संस्थेने वापरू नये, असे मी ठामपणे म्हणेन. ज्या समाजाची निम्मी पत्रे बाहेरून येतात, त्याने नकाशा पाहून दार लावणे म्हणजे आपल्याच माणसांना बाहेर ठेवणे आहे.

आतापर्यंतचे सगळे येणाऱ्या पत्रांबद्दल झाले. आमची निमंत्रणेही सदस्यांच्या स्पॅम फोल्डरात पडत होती. तिथे कारण ओळखीचे होते. आपल्या डोमेनच्या, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या भागाच्या, नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात हे एसपीएफ सांगते. पत्रावर डोमेनची सही डीकेआयएम करते. आणि प्रेषकाच्या नावाशी या दोन्हींपैकी एकही जुळत नसेल तर काय करावे, हे डीमार्कने जाहीर करायचे असते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने रोज ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी आणि याहूने घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. पण छोट्या संस्थेलाही त्या असल्यावाचून आता निभावत नाही. आमच्या नोंदी दुरुस्त केल्यावर बहुतेक पत्रे इनबॉक्समध्ये जाऊ लागली. उरली ती जुन्या कार्यालयीन पत्त्यावरून स्वतःच्या पत्त्याकडे पत्रे वळवून घेणाऱ्या सदस्यांची. वळवलेले पत्र दुसऱ्याच सर्व्हरवरून येते, म्हणून एसपीएफ फसते. डीकेआयएमची सही तरू शकली असती, पण एका कार्यालयाचा सर्व्हर प्रत्येक पत्राच्या तळाला 'हे पत्र बाहेरून आले आहे' अशी सूचना जोडत होता आणि मजकूर एका ओळीने जरी बदलला तरी सही मोडते. त्या सदस्यांना थेट पत्त्यावर पत्र पाठवणे हाच इलाज होता.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. वरचे सगळे उपाय केले तरी फिल्टर चुकणारच. मग चुकल्यावर काय व्हावे? ईमेल पोचवण्याच्या मूळ नियमांत, म्हणजे जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या एसएमटीपीमध्ये आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत, याचे उत्तर आहे. दोन सर्व्हर बोलत असताना घेणारा तीन आकडी संकेत देतो. २५० म्हणजे पत्र घेतले. ४ ने सुरू होणारा संकेत म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने या. ५ ने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. २५० म्हटल्यावर घेणाऱ्यावर जबाबदारी येते, की एक तर पत्र पोचवायचे किंवा पोचले नाही असे पाठवणाऱ्याला कळवायचे. रजिस्टर पत्रावर पोचपावतीची सही करून ते पत्र माळ्यावर टाकून देण्याला आपण जे नाव देऊ, तेच २५० म्हणून पत्र गुपचूप गिळणाऱ्या सर्व्हरला द्यायला हवे.

आधी पत्र घ्यायचे आणि मागाहून फिल्टर लावून 'परत' पाठवायचे, हाही मार्ग बरोबर नाही. स्पॅमवरचा प्रेषक बहुधा खोटा असतो. त्यामुळे ते परतपत्र ज्याने काही पाठवलेच नाही, अशा निरपराध माणसाकडे जाते. म्हणून तपासणी जोडणी उघडी असतानाच व्हायला हवी. पत्र पूर्ण वाचावे, गुण काढावे, आणि २५० म्हणण्यापूर्वीच निर्णय द्यावा. नकार दिला, तर पत्राची जबाबदारी पाठवणाऱ्या सर्व्हरवरच राहते आणि खऱ्या माणसाच्या सर्व्हरकडून त्याला त्याच दिवशी कळते, की पत्र गेले नाही. स्पॅम पाठवणाऱ्या यंत्राला त्या नकाराची पर्वा नसते. ज्याला पर्वा आहे त्यालाच तो ऐकू येतो, हे या पद्धतीचे मोठेपण.

आम्ही तशी रचना केली. १० पेक्षा जास्त गुणांचे पत्र दारातच नाकारले जाते. ५ ते १० च्या मधले पत्र घेतले जाते, वेगळ्या फोल्डरात जाते आणि मंडळाचे कार्यवाह रोज संध्याकाळी तो फोल्डर उघडतात. त्यात खरे पत्र निघाले तर ते पुढे पाठवतात आणि फिल्टरला शिकवण्यासाठी माझ्याकडेही देतात. नकाराच्या ओळीत देवनागरी भरवशाने टिकत नाही, म्हणून ती रोमन अक्षरांत पण मराठीतच लिहिली आहे: पत्र स्वीकारता आले नाही, कृपया मंडळाच्या क्रमांकावर फोन करावा. पाठवणाऱ्याच्या परतपत्रात बाकी सगळा तांत्रिक मजकूर असतो, पण ही ओळ त्यात दिसते आणि लोक खरोखर फोन करतात. बाईंसारख्या लेखकांसाठी नुसत्या चित्रांच्या पत्रावरचे गुण कमी केले. कथास्पर्धेच्या पत्रकावर विषयाच्या ओळीत 'कथास्पर्धा' लिहावे अशी विनंती छापली, आणि ज्या पत्रात तो शब्द असेल त्याला गुण वजा मिळतील असा छोटा नियम घातला. प्रत्येक कथेला पोच देणे सक्तीचे केले, म्हणजे पोच न मिळालेला लेखक वाट पाहत बसणार नाही.

मोठ्या ईमेल कंपन्यांच्या फिल्टरांपुढे हे काही चालत नाही. त्यांचे निकष बाहेर दिसत नाहीत, पत्र घेतल्याचा २५० संकेत मिळतो आणि तरी ते स्पॅम फोल्डरात पडते. जीमेलमध्ये तिथून ३० दिवसांनी आपोआप पुसलेही जाते. सदस्यांना महिन्यातून एकदा तो फोल्डर पाहायला सांगणे आणि आमचे पत्र सापडले तर 'नॉट स्पॅम' दाबायला सांगणे, एवढेच आपल्या हाती उरते. आम्ही हे सभेत सांगतो, स्मरणिकेत छापतो.

एक प्रकार अजून सुटलेला नाही. युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या जुन्या मराठी फाँटांत टंकलेखन करणारे काही ज्येष्ठ लेखक मजकूर तसाच पत्रात चिकटवतात. तो त्यांच्या पडद्यावर उत्तम मराठी असतो. फिल्टरला मात्र रोमन अक्षरांचा आणि विचित्र चिन्हांचा निरर्थक गुंता दिसतो, आणि शब्द मोडून-तोडून फिल्टरला चकवणाऱ्या स्पॅमची घडण हुबेहूब तशीच असते. अशा पत्रांचे नमुने लेखकांच्या परवानगीने जमवायला घेतले आहेत. ते पुरेसे झाले, की या फाँटांची नेहमीची अक्षरजुळणी ओळखून गुण वजा करणारा नियम लिहून पाहायचा आहे. तोवर या लेखकांचे पत्ते एका वेगळ्या यादीत ठेवले आहेत आणि त्यांचे पत्र कितीही गुणांचे असले, तरी पाठवणाऱ्याच्या डोमेनची सही जुळत असल्यास ते नाकारले न जाता कार्यवाहांच्या फोल्डरात येते.